साक्ष देण्याआधीचे महिने

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाड्यातून स्टेम सेल प्रत्यारोपणापर्यंत जाणारी वाट बहुधा सिकलसेलपासून सुरू होते. वारली, कोकणा, काटकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्या वस्तीच्या या डोंगराळ पट्ट्यात रक्तातला हा आनुवंशिक दोष पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. मूल वरचेवर आजारी पडते, हातपाय ठणकतात, डोळे पिवळे होतात, रक्त भरावे लागते. आधी जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय, मग नाशिक नाहीतर मुंबई. कधी निदान थॅलेसेमियाचे निघते, कधी रक्ताच्या कर्करोगाचे, कधी मज्जाच रक्त तयार करायचे थांबवते. बहुतेकांचे औषधगोळ्यांवर चालते. सिकलसेलला हायड्रॉक्सियुरिया हे आजही मुख्य औषध आहे. अगदी थोड्यांना डॉक्टर ‘बोन मॅरो करावा लागेल’ असे सांगतात. या थोड्यांत जे येशूवर विश्वास ठेवणारे आहेत, ते आणखी थोडे.

तरीही त्यांच्या आजारपणात श्रद्धेचे काय होते, हा प्रश्न मांडण्यासारखा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी झालेल्या पालघर जिल्ह्यात ख्रिस्ती धर्माची दोन अगदी वेगळी रूपे आहेत. खाली वसईच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज काळापासूनची, चर्च, शाळा, पतपेढी आणि स्वतःचे इस्पितळ असलेली कॅथलिक वस्ती. वर घाटाच्या अंगाला पाड्यांवर जमणारी लहान लहान मंडळी: एक पाळक, एक ढोलकी, ‘पवित्र शास्त्रा’च्या दोन-चार प्रती आणि कुणाच्या तरी ओसरीवरची रविवारची उपासना. मधल्या पट्ट्यात तलासरीचे जेझुइटांचे ज्ञानमाता सदन आहे. डहाणूला अमेरिकेच्या ब्रेदरन मिशनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काम सुरू केले आणि पुढे तिथे मिशनचे रुग्णालय उभे राहिले. या सगळ्यांना आजाऱ्यासाठी प्रार्थना करता येते. एक-दोन वर्षे चालणाऱ्या, पुढे जाऊन मागे येणाऱ्या आजारपणाचे काय करायचे, ते मात्र थोड्यांनाच जमते. प्रत्यारोपणानंतरचे बरे होणे नेमके तसे असते.

आधी वैद्यकाचे पाहू. रुग्णाची बिघडलेली मज्जा तीव्र औषधांनी, कधी किरणांनी, रिकामी करायची आणि रक्तातून नव्या मूळ पेशी (स्टेम सेल) सोडायच्या, एवढीच तत्त्वतः ही क्रिया. पेशी रुग्णाच्याच आधी काढून गोठवलेल्या असतात किंवा दुसऱ्याच्या. सख्ख्या भावंडाचा मेळ जुळण्याची शक्यता चारात एक. सिकलसेलचा वाहक असलेला भाऊ किंवा बहीणही पेशी देऊ शकते. अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५७मध्ये पहिले प्रयत्न प्रसिद्ध केले. त्यातले रुग्ण वाचले नाहीत. तीन दशके चिकाटीने काम केल्यावर १९९०मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १९८४मध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी प्रत्यारोपण झालेल्या एका आठ वर्षांच्या मुलीचा सिकलसेलही गेल्याचे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवले, आणि या आजारावर इलाज असू शकतो हे तेव्हा कळले. आपल्याकडे पहिले प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३मध्ये नऊ वर्षांच्या मुलीवर झाले. वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९८६मध्ये सुरुवात केली. तिथला रक्तविकार विभाग आज देशात अग्रगण्य आहे. रुग्णालयाच्या दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होते आणि उपचार मात्र काटेकोर शास्त्राने चालतात. श्रद्धा आणि विज्ञान यांचा झगडा लावायला निघालेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी वेलोरला एक फेरी मारावी.

जव्हारकरांना आता इतके लांब जावे लागत नाही. बोरिवली पूर्वेला मुंबई महापालिकेचे लहान मुलांसाठीचे थॅलेसेमिया आणि बोन मॅरो प्रत्यारोपण केंद्र आहे, खारघरला टाटाचे केंद्र आहे. खर्च भावंडाच्या पेशी असल्या तरी आठ-दहा लाखांच्या घरात जातो. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी कोल इंडियाची २०१७पासूनची योजना दहा लाखांपर्यंत मदत करते. बाकीच्यांची मदार सरकारी योजना, मुख्यमंत्री निधी आणि न्यासांवर.

पेशी आत गेल्यावर दोन ते चार आठवडे काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या, शून्याजवळ असतो. आवणीनंतर भाताचे रोप पिवळे पडते, मान टाकते, मेले की काय असे वाटते आणि मग एके दिवशी मुळी धरते, तसेच इथे. या दिवसांत तोंड सोलून निघते, गिळवत नाही, ताप येतो. काउंट वर आला की वॉर्डातल्या सिस्टर टाळ्या वाजवतात, घरचे रडतात, गावी फोन जातो. आणि सगळ्यांना वाटते, झाले. खरी लांबण तिथून पुढे सुरू होते. शंभर दिवस अगदी जपायचे. दुसऱ्याच्या पेशी असतील तर त्या रुग्णाच्या कातडीवर, आतड्यावर, यकृतावर उलटू शकतात. ते होऊ नये म्हणून सायक्लोस्पोरिनसारखी औषधे महिनोन्‌महिने घ्यायची आणि त्यांनी प्रतिकारशक्ती दाबलेली राहते. लहानपणी टोचलेल्या लसींची आठवण नव्या रक्ताला नसते, त्यामुळे त्या पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतात. गोवरासारख्या जिवंत लसी तर साधारण दोन वर्षांनंतरच. थकवा वर्षभर, कधी त्याहून जास्त राहतो. सिएटलच्या डॉक्टरांनी २००४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रक्ताच्या कर्करोगातून प्रत्यारोपणाने वाचलेल्यांपैकी वर्षभराने फक्त १९ टक्के लोक मोठ्या अडचणीशिवाय जगत होते. पाच वर्षांनी हे प्रमाण ६३ टक्क्यांवर गेले. शरीर आधी सावरते. मन आणि कामधंदा मागून येतात. बरे होण्याची ही मुदत गावाला कुणी सांगत नाही, मंडळीलाही नाही.

आता हा रुग्ण मोखाड्याला घरी येतो असे समजा. रुग्णालयाच्या कागदावर लिहिलेले असते: वेगळी खोली, उकळलेले पाणी, धूळ नको, धूर नको, ओल-बुरशी नको, जनावरांजवळ जाणे नको, गर्दी नको. घर एका खोलीचे, कुडाचे, शेणाने सारवलेले, शेजारी गोठा. उन्हाळ्यात राब जाळतात तेव्हा सगळा डोंगर धुरकटतो. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि चार महिने भिंत कोरडी होत नाही. मुंबईला पाणी पाजणारे मध्य वैतरणा धरण मोखाड्याच्या हद्दीत आहे, आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर येतो. उकळायचे पाणी आधी डोक्यावरून आणायचे असते. दिवाळीनंतर अर्धे गाव भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जाते. रुग्णासोबत कोण राहणार आणि त्याची मजुरी कोण भरून देणार, हा प्रश्न कोणत्याही प्रार्थनेच्या आधीचा आहे. म्हणून डॉक्टर पहिले काही महिने मुंबईतच राहायला सांगतात. कर्करोगाच्या मुलांसाठी सेंट ज्यूड इंडिया ही संस्था २००६पासून मुंबईत आईबापांसह राहण्याची सोय विनामूल्य करते. नाव निराशेतल्यांच्या कॅथलिक संताचे असले तरी दार सर्वांना उघडे आहे.

श्रद्धेचा विचार या घरापासून सुरू करावा लागतो, कारण इथे आजाराला आधीच एक भाषा आहे. भगत तांदळाचे दाणे टाकून पाहतो आणि सांगतो: हिरवा देव रागावला आहे, वाडवडिलांचे राहिले आहे, किंवा कुणीतरी केले आहे. शेवटचे उत्तर सर्वांत भयंकर, कारण मग भुताळी (चेटकीण) शोधली जाते आणि ती बहुधा एखादी एकटी, म्हातारी बाई निघते. या पद्धतीला नुसते हसून चालत नाही. ती माणसाला दोन गोष्टी देते: आजाराचे कारण आणि करण्यासारखे काहीतरी. कोंबडे द्या, नवस फेडा, दोरा बांधा. सिकलसेलचे कारण आईबाप दोघांच्या रक्तात आहे असे सांगणारा डॉक्टर कारण देतो, पण घरच्यांच्या हाती काही देत नाही.

पाड्यावरची अनेक कुटुंबे येशूकडे आली ती आजारपणाच्याच दाराने, आणि मंडळीतले लोक ते मोकळेपणाने सांगतातही. भगताला पैसे देऊन दमलो, कर्ज झाले, मग कुणीतरी प्रार्थनेला नेले. दारू सुटली, कोंबडी-बकऱ्यांचा खर्च थांबला, भुताळीची भीती गेली. या फायद्यांकडे धर्मांतराच्या भांडणात कुणाचे लक्ष जात नाही. यातून उपासनेचा एक ठराविक भाग तयार झाला आहे, तो म्हणजे साक्ष. माणूस उभा राहतो आणि सांगतो: मी आजारी होतो, प्रार्थना झाली, प्रभूने मला बरे केले. सगळे ‘हालेलुया’ म्हणतात. साक्षीत क्रियापदे भूतकाळी लागतात. प्रत्यारोपण होऊन साठ दिवस झालेला मुलगा काय साक्ष देणार? त्याच्या काखेत पुरळ आहे, रिपोर्ट यायचा आहे, पुढच्या मंगळवारी पुन्हा बोरिवलीला जायचे आहे. तो गप्प बसतो. दोन-तीन रविवार गप्प बसलेल्या माणसाकडे लोक कसे पाहू लागतात, हे मंडळीत वावरलेल्या कुणालाही ठाऊक आहे. ‘विश्वास कमी पडला’ हे वाक्य तोंडावर कुणी बोलत नाही, पण ते खोलीत असते.

संशोधन काय सांगते? प्रार्थनेने रोग बरा होतो का, याचा सर्वांत गाजलेला प्रयोग २००६मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांचे तीन गट केले. आपल्यासाठी अनोळखी लोक प्रार्थना करत आहेत हे ज्यांना नक्की माहीत होते, त्यांच्यात गुंतागुंत ५९ टक्के झाली. माहिती नसताना ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांच्यात ५२ टक्के, आणि ज्यांच्यासाठी झालीच नाही त्यांच्यात ५१. नास्तिकांनी यावर टाळ्या पिटल्या, भाविकांनी देवाला प्रयोगशाळेत बसवल्याबद्दल नाक मुरडले. मला वाटते, प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता. परक्याने यादी पाहून केलेली प्रार्थना आणि रोज रात्री आठ वाजता फोनवर ऐकू येणारा मावशीचा आवाज, या दोन गोष्टी एका मापात मोजता येत नाहीत.

जास्त उपयोगी आहे मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांचे काम. श्रद्धा आहे की नाही हे मोजण्याऐवजी संकटात ती कशी वापरली जाते, हे त्यांनी मोजायला घेतले. त्यांच्या छोट्या प्रश्नावलीत चौदा प्रश्न आहेत. सात आधाराचे, सात घालमेलीचे. घालमेलीच्या सातांत अशा शंका येतात: देवाने मला टाकून दिले का, माझ्या भक्तीतल्या उणिवेची ही शिक्षा आहे का, मी असे काय केले, देवाचे माझ्यावर प्रेम आहे का, त्याच्या हातात खरेच काही आहे का, हे सैतानाने केले का, माझ्या मंडळीने मला सोडले का. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी रुग्णालयातल्या ५९६ वयस्क रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला. ज्यांच्या मनात ही घालमेल जास्त, त्यांच्यात मृत्यूचा धोका जास्त दिसला. मग २००९मध्ये शर्मन आणि सहकाऱ्यांनी आपल्या विषयाशी थेट जुळणारा अभ्यास छापला: मायलोमा या मज्जेच्या कर्करोगासाठी स्वतःच्याच पेशींचे प्रत्यारोपण झालेले ९४ रुग्ण. आधीपासून घालमेल असलेल्यांना प्रत्यारोपणानंतर चिंता आणि नैराश्य जास्त होते. आधाराच्या श्रद्धेचा परिणाम मात्र इतका सरळ दिसला नाही. रुग्ण थोडे, देश वेगळा, आजार वेगळा, हे सगळे मान्य. तरी त्यातून निघणारी गोष्ट जव्हारसाठी मोलाची आहे. श्रद्धेने किती मदत होते याबद्दल पुरावा डळमळीत आहे. श्रद्धा उलटली तर काय होते, याबद्दल तो बराच स्पष्ट आहे.

ते सात प्रश्न पुन्हा वाचा आणि पाड्यावरच्या घराचा विचार करा. शिक्षा, सैतान, सोडून देणे. भगताच्या तीन उत्तरांपासून हे किती लांब आहे? हिरव्या देवाचा राग गेला आणि त्या जागी पापाची शिक्षा आली. करणी गेली आणि सैतान आला. विश्वासी झालेल्या घराने भगताचा खर्च आणि भुताळीची भीती टाकली, पण आजार म्हणजे कुणाचा तरी रोष, हे जुने गणित कधी कधी नव्या नावाने तसेच चालू राहते. आता तर बोट दाखवायला शेजारची म्हातारीही उरत नाही, बोट रुग्णाकडेच वळते. लवकर बरे होण्याच्या आजारात हे झाकले जाते. मलेरिया पंधरा दिवसांत उतरतो, साक्ष होते, गणित सुटले असे वाटते. प्रत्यारोपणानंतरच्या लांबणीत ते उघडे पडते. माझ्या मते या भागातल्या पाळकांना प्रशिक्षण द्यायचेच असेल तर ते एवढ्या एका मुद्द्यावर द्यावे.

मात्र पाश्चात्त्य प्रश्नावली जशीच्या तशी उचलण्यातही धोका आहे. देवाच्या प्रेमावर शंका घेणे ही तिच्या हिशेबात वाईट खूण. मराठी भक्तीत देवाशी भांडणे हे जवळिकीचे लक्षण आहे. नामदेव विठ्ठलावर रुसतो, जनाबाई त्याला शिव्या घालते, तुकाराम त्याला दिवाळखोर ठरवायला कमी करत नाहीत. ही परंपरा मराठी ख्रिस्ती घरातही आली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत आणि त्यांनी अभंगांतच ख्रिस्ताला आळवले. मुंबईच्या वॉर्डात रात्री दोन वाजता ‘माझ्याच पोराच्या मागे का लागलास’ असे येशूला विचारणारी आई श्रद्धेतून ढळली आहे असे मी म्हणणार नाही. ती बोलते आहे. चिंता तेव्हा करावी जेव्हा ती बोलायची थांबते.

बायबलही या बाबतीत समजतात तितके एकसुरी नाही. स्तोत्रसंहितेतल्या बहुतेक विलापांना शेवटी आशेची कलाटणी मिळते. ८८वे स्तोत्र अंधारातच संपते, आणि ते कुणी काढून टाकलेले नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकतो, भिंतीकडे तोंड करून रडतो, त्याला आयुष्याची पंधरा वर्षे वाढवून मिळतात. पण यशया संदेष्टा तेवढ्यावर थांबत नाही, गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला सांगतो. प्रार्थना आणि औषध एकाच अध्यायात. पौलाने देहातला काटा काढून टाकण्याची तीनदा विनंती केली आणि काटा राहिला. येशूचे बहुतेक चमत्कार क्षणात होतात. मार्कच्या आठव्या अध्यायातला बेथसैदाचा आंधळा मात्र दोन टप्प्यांत बरा होतो: आधी त्याला माणसे झाडांसारखी धूसर दिसतात, मग पुन्हा हात ठेवल्यावर स्पष्ट. पहिल्या आणि दुसऱ्या स्पर्शाच्या मधल्या त्या माणसावर प्रवचन ऐकायला मिळणे दुर्मीळ. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने हा मजकूर आजच्या मराठीत आणला आहे, पाळकांनी तो रुग्णाच्या डोळ्यांनी पुन्हा वाचायला हवा. एरवी आपल्याला टोकाच्या गोष्टीच आवडतात. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत म्हणून घोषित झालेला कार्लो अक्युटिस रक्ताच्या कर्करोगाने निदानानंतर थोड्याच दिवसांत गेला, वय पंधरा. त्याचे चित्र आता अनेक कॅथलिक घरांत आहे. दीड वर्ष गोळ्या खाऊन, सुजलेल्या चेहऱ्याने कॉलेजात परत जाणाऱ्या मुलाचे चित्र कुणी छापत नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, डोळे मिळतात. मज्जेचा मेणाचा नमुना नसतो.

आता व्यवहाराकडे. कॅथलिक चर्चमध्ये आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार पूर्वी मरणाच्या दारी दिला जाई. १९६२-६५च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तो गंभीर आजाऱ्यांसाठी खुला केला. तो पुन्हाही घेता येतो, आणि लांबलेल्या आजारपणात ही सोय मोठी आहे. पण प्रत्यारोपणाच्या खोलीत तेल, पवित्र पाणी, फुले, लाकडी माळ यांना मज्जाव असू शकतो. धुता येणारी प्लास्टिकची माळ आणि स्पिरिटने पुसलेल्या फोनवरचे बायबल चालते. कम्युनियन वॉर्डात कसे द्यायचे हे फादरांनी डॉक्टरांना विचारून ठरवावे. एका प्याल्यातून पिणे अर्थातच बंद. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणाऱ्यांनी आधी साबणाने हात धुवावेत, मास्क लावावा, खोकला असेल तर बाहेरूनच करावी. क्षयाचे प्रमाण जास्त असलेल्या भागात ओसरीवर वीस माणसे दाटीने बसवून रुग्णासाठी गाणी म्हणणे हे प्रेम असले तरी धोक्याचे आहे. रुग्णाने उपवास-प्रार्थना करू नये. कॅथलिक नियमात आजारी माणसाला उपवासाची सूट आहेच, पाड्यावरच्या मंडळींनीही ती द्यावी. झाडपाला, काढे बंद: काही वनस्पती सायक्लोस्पोरिनचे रक्तातले प्रमाण बिघडवतात. गंमत अशी की त्यातली जगभर बदनाम झालेली वनस्पती संताच्याच नावाची आहे, सेंट जॉन्स वर्ट.

प्रश्नावलीतला ‘मंडळीने मला सोडले’ हा मुद्दा इथे पुन्हा येतो, आणि तो दूर करणे सर्वांत सोपे आहे. रुग्ण सहा-आठ महिने उपासनेला येऊ शकत नाही. पहिला महिना सगळे विचारपूस करतात. चौथ्या महिन्यात कुणी विचारत नाही, आणि नेमका तोच काळ सर्वांत कंटाळ्याचा असतो. करोनात चर्चनी फोनवरून मिस्सा आणि प्रार्थना चालवल्या. ती सवय रुग्णांसाठी जिवंत ठेवता येते, जिथे रेंज येते तिथे. त्याहून मोठी मदत हातापायांची. आत जाऊन भेटू न शकणाऱ्याने पाण्याचे चार हंडे आणून दारात ठेवावेत. खोलीचे छप्पर पावसाआधी शाकारून द्यावे, भिंतीची ओल काढावी. फॉलोअपच्या गाडीचे भाडे आळीपाळीने द्यावे. वसईच्या धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, ही १८३३मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेली संघटना, गरजूंच्या घरी जाऊन अशीच मदत करते. जिल्हा एकच आहे, पण वसईची ही बांधणी जव्हारच्या घाटापर्यंत चढायला अजून खूप जागा आहे. कॅथलिक आणि पाड्यांवरची पेंटेकॉस्टल मंडळी यांचे एकमेकांशी पटत नाही हे खरे. पाण्याच्या हंड्याला पंथ नसावा.

लुबाडणारेही याच वाटेवर उभे असतात. एक प्रकार ‘स्टेम सेल’च्या नावाने मेंदूपासून गुडघ्यापर्यंत सगळे बरे करून देण्याच्या जाहिराती करणाऱ्यांचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठराविक आजारांसाठीचे मज्जा-प्रत्यारोपण सोडले तर बाकी सगळे अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे, आणि प्रयोगाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. दुसरा प्रकार प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या चंगाई सभांचा, जिथे गोळ्या बंद करणे हा विश्वासाचा पुरावा मानला जातो. प्रत्यारोपणाच्या रुग्णाने चार दिवस औषध सोडले तरी नव्या पेशी शरीरावर उलटू शकतात. फार थोड्या आजारांत याची किंमत इतक्या लवकर मोजावी लागते. २०१३चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा चमत्काराच्या नावावर फसवणुकीला गुन्हा ठरवतो, पण उपचारांपासून रोखण्याचे त्याचे स्पष्ट कलम साप, विंचू आणि कुत्र्याच्या दंशापुरते आहे. स्टेम सेल म्हटले की काही कॅथलिक घरांत आणखी एक शंका येते: हे चर्चला चालते का? चर्चचा विरोध भ्रूण नष्ट करून मिळवलेल्या पेशी वापरण्याला आहे. प्रौढाच्या मज्जेतून किंवा रक्तातून घेतलेल्या पेशींबद्दल हरकत नाही, हे रोमने २००८च्या ‘दिग्निटास पर्सोने’ या दस्तऐवजात पुन्हा सांगितले आहे.

पेशी देणाऱ्या भावंडाबद्दल बोलायचे राहते. अकरा वर्षांच्या बहिणीला सगळे म्हणतात, तू भावाला जीवदान दिलेस. पुढे त्या पेशी भावाच्या कातडीवर उलटल्या तर ती मनात काय समजते? ‘देवाने तुझ्या हातून काम करून घेतले’ असे मोठे वाक्य लहान मुलाच्या खांद्यावर टाकताना जपावे. तुझ्या पेशींचा दोष नाही, त्या आपले काम जरा जास्तच करताहेत, हे डॉक्टरांचे साधे स्पष्टीकरण तिला जास्त हलके करते. सोबत राहणाऱ्या आईचेही तसेच. तिच्या थकव्याची नोंद कुठल्याच फाइलीत नसते, आणि मंडळीत तिला ‘विश्वासाची बाई’ म्हणून उभे करतात तेव्हा तिला खचण्याची मुभा उरत नाही.

आणि काही वेळा प्रत्यारोपण फसते. आजार परत येतो, किंवा संसर्ग आवरत नाही. २००९मध्ये अमेरिकेत ३४५ असाध्य कर्करोगी रुग्णांच्या अभ्यासात दिसले की श्रद्धेचा आधार घेणारे लोक शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटरसारखे तीव्र उपचार जास्त घेतात. चमत्काराला संधी द्यायची तर थांबता येत नाही, असे त्यांना वाटत असावे. मोखाड्याच्या घरासाठी या न थांबण्याचा अर्थ म्हणजे आणखी कर्ज, गहाण पडलेले शेत आणि घरापासून दीडशे किलोमीटरवर, काचेपलीकडे मरण. मुंबईत वांद्र्याला १९८६मध्ये डॉ. एल. जे. डिसोझा यांनी सुरू केलेले शांती अवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस. तिथे सिस्टर कर्करोगाच्या शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची शुश्रूषा करतात, वेदना कमी करतात, धर्म विचारत नाहीत. घरी नेणे शक्य असेल तर घरीही नेता येते. वेदनाशामक औषधे जव्हारपर्यंत पोचवण्याची व्यवस्था मात्र आधी करावी लागते. पुढचे उपचार थांबवणे म्हणजे विश्वास सोडणे नव्हे, हे घरच्यांना डॉक्टरांनी सांगून पटत नाही. ते पाळकाने किंवा फादरांनी सांगावे लागते, शक्यतो दुसऱ्या प्रत्यारोपणाच्या कागदावर अंगठा उठण्याआधी.